पावसाच्या पाण्याचं वेगळं बिल असतं का हो? (प्रश्न खरं तर आवारातल्या मातीचा आहे)

मुलुंडचा_सेक्रेटरी · रविवार, रात्री १०.४०

मंडळी, गेली सहा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सहानुभूती नंतर द्या, आधी प्रश्न ऐका.

धाकटी बहीण मिसिसागाला असते, टोरोंटोच्या शेजारी. परवा तिने पाण्याच्या बिलाचा फोटो टाकला. नळाचं पाणी, सांडपाणी आणि त्याखाली तिसरी ओळ, 'स्टॉर्मवॉटर'. हे काय म्हणून विचारलं तर म्हणते, "माझ्या छपरावर पडलेला पाऊस मी रस्त्यावर सोडते ना, त्याचे पैसे." मला वाटलं थट्टा करतेय. नळाला मीटर ऐकलंय, ढगाला मीटर पहिल्यांदाच.

मग तिने समजावलं ते असं. तिथे २०१६ पासून हा आकार सुरू झाला. गावातल्या एका सरासरी स्वतंत्र घराची छप्पर, गाडीवाट, फरशी मिळून कठीण जमीन किती, तर २६७ चौरस मीटर. हे झालं एक युनिट. पहिल्या वर्षी दर होता युनिटला १०० डॉलर. स्वतंत्र घरांचे छपराच्या आकारावरून पाच गट केलेत. सगळ्यात लहान अर्धं युनिट, सगळ्यात मोठं १.७. तिचं घर मधल्या गटात, म्हणून एक. घराची किंमत किती, माणसं किती, नळ किती वेळ सुरू असतो, याच्याशी काही देणंघेणं नाही. फ्लॅटच्या इमारती, दुकानं, कारखाने यांचं मात्र विमानातून काढलेल्या फोटोवरून एकूण कठीण क्षेत्र मोजतात आणि २६७ ने भागतात.

आता माझं दुखणं. पुढच्या पंधरवड्यात आमची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषय क्रमांक ७: इमारतीमागच्या मोकळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक टाकून नऊ गाड्यांची सोय करणे. प्लॉट १८०० चौरस मीटर. इमारतीखाली ६२०, आधीच ब्लॉक-काँक्रीट झालेलं ७६०, आणि उरलेली माती ४२०. तिथे एक जांभूळ, दोन नारळ आणि पूर्वी कोणीतरी लावलेली कर्दळ. २८ बिऱ्हाडं.

तर आपल्याकडे असं काही शुल्क आहे का? मालमत्ता करात कुठल्या नावाखाली दडलंय का? आणि उद्या आलंच तर आमच्यासारख्यांना किती पडेल? जाणकारांनी लिहावं.

---

उंबरठा · रविवार, रात्री ११.०५

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली आहे).

---

नालेवाले_काका · सोमवार, पहाटे ५.५०

एका शब्दात उत्तर: नाही. मुंबईत असं वेगळं शुल्क नाही. पण विषय एका शब्दात संपणारा नाही, आणि निवृत्तीनंतर पहाटे चारलाच जाग येते, म्हणून सविस्तर लिहितो. तीस वर्षं नाल्यांच्या कामात घालवली आहेत.

आपल्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या आहेत, तेही समुद्राला ओहोटी आहे असं धरून. हा आकडा तुम्हाला पाठ असेल, दर जून महिन्यात पेपरात येतो. त्याच्या शेजारी बसलेला दुसरा आकडा मात्र कोणी छापत नाही. तो आहे ०.५. पडलेल्या पावसातलं निम्मंच पाणी गटारापर्यंत येणार, बाकीचं निम्मं जमीन पिणार, असा तो हिशोब. आम्ही त्याला 'रनऑफ' म्हणायचो. ज्या काळात हे धरलं तेव्हा वांद्र्याच्या पुढे वाड्या होत्या, शेतं होती, मिठागरं होती. ते चूक नव्हतं.

१९८५ साली शहर तुंबलं, मग अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या योजनेचा, अहवाल आला. त्यात २५ चे ५० मिलिमीटर केले. आणि ०.५ चा केला १. म्हणजे इथे आता थेंबही मुरत नाही, असं धरूनच मोऱ्या बांधा. अहवाल कपाटात राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कपाट उघडलं. मग माधवराव चितळ्यांची समिती, केंद्राने मंजूर केलेले सुमारे १२०० कोटी, आणि पुढे वाढतच गेलेला खर्च. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रं उभी राहिली. एकेक पंप सेकंदाला ६००० लिटर उपसतो. मोगरा आणि माहुल या उरलेल्या दोन केंद्रांचं घोंगडं भिजतच पडलं.

आता सेक्रेटरीसाहेब, तुमच्या बहिणीचं बिल परत बघा. ०.५ चा १ कोणी केला? ज्याने ज्याने मातीवर फरशी टाकली त्याने. तिच्या गावाने ते मोजलं आणि ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवलं. आपल्याकडे ते मोजलं जात नाही, सगळ्यांच्या नावावर सरसकट पडतं.

तुमच्या ४२० चौरस मीटरचं गणित करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. तासाला ५० मिलिमीटर पडला तर ४२० वर २१,००० लिटर. माती आणि झाडं असताना त्यातला साधारण ०.३ वाटा वाहतो, म्हणजे ६३०० लिटर. ब्लॉक टाकले की ०.९, म्हणजे १८,९००. फरक १२,६०० लिटर. दहा हजारी टँकर एक आणि वर थोडं, दर तासाला तुमच्या फाटकातून रस्त्यावर. तुमच्या गल्लीत अशा किती सोसायट्या आहेत ते तुम्हीच मोजा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर कोणीतरी पकडेल. जुलैत पंधरा दिवस झड लागली की मातीही 'बास' म्हणते. तेव्हा ०.३ चा ०.५-०.६ होतो. मातीने पूर थांबत नाही. पहिला तास मिळतो. आणि भरतीच्या वेळी तो एक तासच हवा असतो.

---

खातेवही · सोमवार, सकाळी ९.२०

काकांचा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवावा असा आहे. मी पैशांच्या बाजूने भर घालते.

मालमत्ता कराचं बिल काढा. त्यात ओळी दिसतील: सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. निवासी नसेल तर रोजगार हमी उपकरही. मीटरवर पाणी घेणाऱ्या सोसायट्यांना मलनिःसारणाचा आकार पाण्याच्या बिलातून लागतो, पाण्याच्या रकमेच्या ७० टक्के. लाभ कर मात्र मालमत्ता करातच राहतात.

यात 'पर्जन्य' शब्द शोधून दाखवा! बऱ्याच जणांना वाटतं की मलनिःसारण म्हणजे गटार आणि गटार म्हणजे सगळंच. तसं नाही. मलनिःसारण म्हणजे संडास-मोरीचं पाणी. पालिकेत दोन्हींची खातीसुद्धा वेगळी. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण अर्थसंकल्प 'ग' मध्ये बसतात. तिथे पाण्याच्या बिलातून आलेला पैसा त्याच कामाला. पर्जन्य जलवाहिन्या मात्र अर्थसंकल्प 'अ' मध्ये, रस्ते, रुग्णालयं, उद्यानं, अग्निशमन यांच्या पंगतीला. त्या पंगतीत वाढप कशातून होतं? सर्वसाधारण कर, बांधकामांतून मिळणारं विकास शुल्क आणि १ जुलै २०१७ ला जकात गेल्यापासून तिच्या बदल्यात राज्याकडून येणारी भरपाई.

म्हणजे तुमच्या मागच्या अंगणाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचा खर्च थोडा थोडा सगळेच भरतात, पण कोण किती भरतो हे कठीण जमिनीवर ठरत नाही. २०१० पासून आपला कर भांडवली मूल्यावर आहे. जागेचा रेडी रेकनर दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, वय. आवारात माती आहे की ब्लॉक, हा रकानाच नाही. ४२० चौरस मीटर माती राखली म्हणून एक रुपया कमी होत नाही आणि बुजवली म्हणून एक रुपया वाढत नाही.

आता कोणी म्हणेल पुण्यात सूट मिळते. हो, पर्जन्यजल संधारण, सौर पाणी तापवणं, गांडूळखत यातलं एक केलं तर मालमत्ता करात ५ टक्के, दोन केली तर १० टक्के. ती बक्षिसी आहे. बिलाचा पाया तोच राहतो.

---

मूळचा_गिरगावकर · सोमवार, सकाळी १०.०२

म्हणजे या धाग्याचा सारांश असा की आपल्याकडे एक कर घ्यायचा राहिलाय आणि तुम्ही मंडळी तो शोधून देताय. वा! पालिकेतलं कोणी हे वाचत नसेल अशी आशा करू या.

एप्रिल २०२५ चा घनकचऱ्याचा मसुदा आठवतोय ना? घराच्या आकाराप्रमाणे महिन्याला १०० ते १००० रुपये. लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, म्हणजे चांगल्या अर्थाने नव्हे. आता पावसाचं. उद्या उन्हाचं. परवा कबुतरांचं.

पथ कर भरतो, रस्ते बघतो. अजून काय बोलू.

---

डेलावेअर_काठावरून · सोमवार, सकाळी ११.४५ (इकडे रात्र)

गिरगावकर, तुमची चीड समजते, पण इकडे अमेरिकेत हे ज्या कारणाने आलं ते ऐका. मी फिलाडेल्फियाजवळ अठरा वर्षं आहे.

इथे पूर्वीही पावसाच्या पाण्याचे पैसे घ्यायचे, फक्त पाण्याच्या मीटरच्या आकारावरून. मोठा मीटर, मोठी रक्कम. त्यामुळे उंच इमारतीतली कार्यालयं भरपूर भरायची, कारण माणसं जास्त, संडास जास्त, मीटर मोठा. छप्पर मात्र एकच. आणि शेजारचा वाहनतळ? एकरभर डांबर, नळ एकही नाही, मीटर नाही, बिल शून्य. पाणी मात्र सगळं त्याचंच. २०१० पासून त्यांनी निवासी नसलेल्या जागांना टप्प्याटप्प्याने जमिनीच्या हिशोबावर आणलं: एकूण क्षेत्र आणि त्यातलं कठीण क्षेत्र. वाहनतळांना बिलं गेली, गोदामांना गेली, केवढी बोंबाबोंब झाली. साध्या घरांना सगळ्यांना एकच ठरीव रक्कम ठेवली, कारण लाखो घरांची अंगणं मोजण्याचा खर्च वसुलीपेक्षा जास्त झाला असता.

आणि सवलत असते. पाणी आपल्याच जागेत मुरवलं किंवा अडवून हळूहळू सोडलं तर बिल उतरतं. त्यामुळे काही गोदामवाल्यांनी डांबर उखडून खड्डे केले, गवत लावलं. पुळका आला म्हणून नव्हे, बिलापायी.

मिसिसागालाही फ्लॅट-दुकानांना अशी सवलत आहे, जास्तीत जास्त ५० टक्के.

---

मूळचा_गिरगावकर · सोमवार, दुपारी १२.१०

वाहनतळाचा मुद्दा मान्य. आमच्याकडे मॉलच्या पार्किंगला असं बिल जाणार असेल तर मी स्वतः ढोल वाजवीन. पण जाणार नाही, ते पहिलं फाटक ओलांडून दुसऱ्या मजल्यावर आमच्या चाळीतच येणार.

---

दगडी_जिना · सोमवार, दुपारी १.३०

चाळीचा विषय निघालाय तर विचारते. आमची पागडीची चाळ, तीन मजले, ४२ खोल्या. चौक फरसबंद आहे, १९२०-३० च्या सुमाराचा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला, त्यात आम्ही आलो. आता हे शुल्क आलं तर ते माफीच्या बाहेर असणार का? आणि मागणार कोणाकडे? मालक तर वर्षातून एकदा भाडं घ्यायलाही येत नाही, माणूस पाठवतो.

---

खातेवही · सोमवार, दुपारी ३.००

@दगडी_जिना ताई, नसलेल्या कराचं उत्तर मी काय देणार. पण हिशोब म्हणून बघा: तुमच्या चाळीचा प्लॉट समजा ६०० चौरस मीटर, सगळा कठीण. मिसिसागाच्या मोजपट्टीने ते झालं २.२५ युनिट. ४२ खोल्यांत वाटलं तर खोलीमागे ०.०५. तिकडच्या एका स्वतंत्र घराच्या विसाव्या हिश्श्याइतकं! एका छपराखाली जितकी माणसं जास्त तितका वाटा लहान. हे शुल्क पसरट वस्तूंना चावतं: गोदाम, मॉल, बंगला, पेट्रोल पंप, लग्नाचे हॉल. भांडवली मूल्याच्या करात दक्षिण मुंबईची खोली महाग म्हणून जास्त भरते, ते इथे होत नाही.

मागणार कोणाकडे, हा मात्र खरा तिढा. पागडी, कन्व्हेयन्स न झालेल्या (म्हणजे जमीन अजून नावावर न आलेल्या) सोसायट्या, वस्त्या. बिल जमिनीवर काढायचं म्हटलं की आधी जमीन कोणाची हे ठरवावं लागतं. आणि मुंबईत ते ठरवायला बसलं तर पुढचे तीन पावसाळे जातील.

---

पुढची_तारीख · सोमवार, रात्री ९.१५

वकील आहे, म्हणून 'शुल्क' आणि 'कर' हे शब्द इथे उलटसुलट वापरलेले बघून हात शिवशिवले.

कर द्यावा लागतो, त्याच्या बदल्यात तुम्हाला नेमकं काय मिळालं हे विचारता येत नाही. शुल्क हे विशिष्ट सेवेपोटी. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात हा भेद स्पष्ट केला. पुढच्या निकालांनी तो जरा सैल केला. रुपयाला रुपया मोबदला दाखवायची गरज नाही, पण काही तरी नातं हवं. संविधानाचं कलम २६५ तर आहेच: कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही. म्हणून पालिकेला नुसत्या परिपत्रकाने असलं काही सुरू करता येणार नाही, १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमात जागा करावी लागेल.

अमेरिकेतही नेमकं याच्यावरच भांडण. शुल्क म्हटलं की करमाफी असलेल्या शाळा, चर्च, रुग्णालयं यांनाही लागतं. कर म्हटलं की ते सुटतात. केंद्र सरकारच्या इमारती 'हा कर आहे, आम्ही देणार नाही' म्हणायला लागल्या, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये तिथल्या स्वच्छ पाणी कायद्यात दुरुस्ती करून लिहावं लागलं की रास्त आकार असेल तर केंद्रानेही भरायचा.

आता हे मुंबईला लावून बघा. आपल्याकडे कलम २८५ ने केंद्राच्या मालमत्तेला राज्याचे आणि स्थानिक संस्थांचे कर लागत नाहीत. रेल्वेची यार्डं, कारशेड, स्थानकांची छपरं डोळ्यासमोर आणा. किती कठीण जमीन! आणि तुंबतं कुठे, तर रुळांवर आणि रुळांखालच्या मोऱ्यांपाशी. कर असेल तर रेल्वे सुटली. शुल्क असेल तर निदान दार ठोठावता येतं. त्या एका शब्दावर केवढे पैसे अडलेले आहेत, बघा.

---

उंबरठा · सोमवार, रात्री ९.४०

वकीलसाहेब, या प्रतिसादाची फी लागेल की कर? (कृपया हलके घ्या)

---

पुढची_तारीख · सोमवार, रात्री ९.४२

चहा. विशिष्ट सेवेपोटी.

---

मूळचा_गिरगावकर · मंगळवार, सकाळी ८.३०

सगळं पटलं असं धरू. पण लोकांनी हे कुठे हाणून पाडलं नाही का? अमेरिकन माणूस एवढा गरीब गाय कधीपासून झाला?

---

डेलावेअर_काठावरून · मंगळवार, सकाळी १०.१०

पाडलं की! शेजारच्या मेरीलँड राज्यात. चेसापीक उपसागरात घाण जाते म्हणून २०१२ मध्ये राज्याने कायदा केला: मोठ्या नऊ काउंटी आणि बाल्टिमोर शहर, दहा जणांनी हे शुल्क लावायचंच. विरोधकांनी त्याचं बारसं केलं 'रेन टॅक्स', पावसावरचा कर. संपलं! नाव एकदा चिकटलं की मग आतलं कोण वाचतो. फ्रेडरिक काउंटीने तर कायद्याचं तोंड बंद करायला दर मालमत्तेमागे वर्षाला एक सेंट लावला. एक सेंट! २०१४ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत लॅरी होगन याच विषयावर गरजले, निवडून आले आणि २०१५ मध्ये सक्ती काढून टाकली. ज्यांना ठेवायचं त्यांनी ठेवलं.

जिथे टिकलं तिथे एक गोष्ट सारखी दिसते. पैसा वेगळ्या खात्यात जातो आणि त्यातून गटार, तळी, मोऱ्या याशिवाय काही करता येत नाही.

---

नालेवाले_काका · मंगळवार, सकाळी ११.००

वेगळं खातं, हे लाख मोलाचं. आमच्या काळात पावसाळ्याआधी ३१ मे पर्यंत नालेसफाई, मग ऑक्टोबरपर्यंत धावपळ, मग सहा महिने कोणाला नाला आठवत नाही. पैसा मागायला गेलं की बाकी खाती रांगेत पुढे. नाल्याला मतदार नसतात हो.

आता सेक्रेटरीसाहेबांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, धागा फार परदेशी गेला. ४२० चौरस मीटरचं काय करायचं?

पहिलं, 'पेव्हर ब्लॉकच्या फटींतून मुरतं' हे कंत्राटदार सांगेल. खाली मुरूम ठोकून, वर ग्रिट पसरून, फटी सिमेंटच्या रबडीने भरल्या की काही मुरत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळ येतं तेवढंच. मुरायला हवं असेल तर जाळीचे ब्लॉक घ्या, मधल्या भोकांत माती आणि हरळी. गाडी उभी राहते, पाणी जातं. खाली खडीचा थर नीट हवा, नाहीतर चाकोऱ्या पडतात.

दुसरं, शोषखड्डा सगळीकडे चालत नाही. कुलाबा, नरिमन पॉइंटसारख्या भराव जमिनीत खाली समुद्रच आहे, पावसाळ्यात खड्डा वरून भरायच्या आधी खालून भरतो. मुलुंडला डोंगराच्या बाजूला बेसॉल्टवर मुरमाचा थर मिळतो, तिथे आशा आहे. पूर्वेला खाडीकडे चिकणमाती, तिथे कमी. आधी एक दीड मीटरचा खड्डा खणा, बादल्या ओता आणि घड्याळ लावा. हजारो रुपयांच्या अहवालापेक्षा बरं.

तिसरं, मुरवता येत नसेल तर अडवा. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या दादर-परळच्या हिंदमाताला तेच केलंय ना. प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधून पाणी साठवायचं आणि भरती उतरली की सोडायचं. तुमच्या गच्चीचं पाणी दहा हजार लिटरच्या टाकीत घेतलंत तर तीच गोष्ट छोट्या मापात. वर गाड्या धुवायला पाणी. नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण २००२ पासून सक्तीचं आहे, आधी १००० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला, २००७ मध्ये ३०० वर आणलं. किती टाक्या चालू आहेत ते विचारू नका, बहुतेकांत सायकली ठेवलेल्या मी पाहिल्यात.

---

कर्दळ · मंगळवार, दुपारी ४.२०

गाड्यावाल्यांच्या बाजूनेही कोणीतरी बोला. रात्री साडेनऊला घरी येऊन अर्धा तास जागा शोधत फिरणाऱ्याला रनऑफ सांगून उपयोग नाही. आणि मातीत डास होतात, हेही खरंय.

---

नालेवाले_काका · मंगळवार, दुपारी ५.०५

डास मातीत होत नाहीत ताई, तुंबलेल्या पाण्यात होतात. गच्चीवरचे टायर आणि कुंड्यांखालच्या बशा आधी बघा. जागेचं म्हणणं मान्य.

---

मुलुंडचा_सेक्रेटरी · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११.१५

सभा झाली. उशिरा लिहितोय, कारण इतिवृत्त लिहिण्यातच जीव गेला.

काकांचं गणित मी फळ्यावर मांडलं. १२,६०० लिटर म्हटल्यावर कोणाला काही वाटलं नाही. "टँकर आपल्या फाटकातून बाहेर" म्हटल्यावर तळमजल्यावरचे दोघे एकदम ताठ बसले, कारण दर जुलैत पाणी आधी त्यांच्या पायरीला लागतं. चेअरमन म्हणाले, "पण बिल तर येत नाही ना?" मी म्हटलं येत नाही. "मग?" असं म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळायला लागले. इथे मला तुमच्या त्या रकान्याची आठवण झाली, खातेवहीताई. रकाना नसला की माणूस किती निर्धास्त असतो!

बिल आलं असतं तर किती, तेही सांगितलं. आज कठीण क्षेत्र १३८०, म्हणजे साधारण ५.२ युनिट. सगळी माती बुजवली तर ६.७. सोळा सालच्या त्यांच्या दराने वर्षाला ५१७ चे ६७४ डॉलर, २८ बिऱ्हाडांत वाटले तर घरटी साडेअठरावरून चोवीस. खजिनदार म्हणाले, "एवढंच? मग भरू आणि गाड्या लावू." मला तोंड वर काढता येईना. बहुतेक तिकडची गोदामंही पहिल्या वर्षी हेच म्हणाली असतील.

मग खड्डा खणून पाहिला होता त्याबद्दल बोललो. (हो, खणला. दीड मीटर, बादल्या ओतल्या, घड्याळ लावलं. चाळीस मिनिटांत वीतभर उतरलं. फार नाही, पण उतरलं.) त्यावर तळमजल्यावरच्या मावशींनी एकच प्रश्न विचारला: "जांभूळ ठेवणार की नाही?" त्यानंतरची वीस मिनिटं पावसावर कोणीच बोललं नाही, सगळे जांभळावर बोलले.

अखेर १४ विरुद्ध ११ मतांनी ठरलं ते असं. २०० चौरस मीटरवर ब्लॉक, चार गाड्या. २२० माती तशीच, जांभळासकट. जाळीच्या ब्लॉकचा दर साध्यापेक्षा बराच जास्त आला, म्हणून तो मुद्दा पडला. गच्चीच्या दोन पाइपांचं पाणी टाकीत घ्यायचं पुढच्या वर्षी बघू, म्हणजे बहुधा नाही.

बहिणीला रात्रीच कळवलं. लगेच उत्तर आलं: "१५८० भागिले २६७. ५.९ युनिट. बिल पाठवू का?"